आशयच्या लॅपटॉपचं टेंडर

लोक लॅपटॉप कसा घेतात? दुकानात जातात, दोन-चार उघडून बघतात, भाव पाडून मागतात, बॅग फुकट द्या म्हणतात आणि घरी येतात. एका दुपारचं काम. पण भोपाळमध्ये, शाहपुऱ्यातल्या पळसुल्यांच्या घरात वस्तू अशी नुसती येत नसे. तिची फाईल उघडायची. मग मागणीपत्र, मग अटी, मग तीन कोटेशनं, मग समिती. एवढं सगळं होईपर्यंत वस्तूची गरज उरली असेल, तर ती वस्तू यायची.

याचं कारण हेमंत पळसुले, म्हणजे आशयचे बाबा. सव्वीस वर्षं सरकारी कारखान्याच्या परचेस सेक्शनमध्ये. सव्वीस वर्षांत ऑडिटवाल्यांना त्यांच्या एकाही फाईलमध्ये बोट घालायला जागा सापडली नव्हती, आणि हे ते पाहुण्यांना पोहे देताना सांगायचे. घरातला मिक्सर तीन कोटेशनांवर आला होता. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याचं टेंडर दोनदा रद्द झालं होतं, त्या दोन उन्हाळ्यांत आईनं फोडण्या बाल्कनीत दिल्या. लग्नाच्या वेळी बाबांनी स्थळंही तीनच बघितली होती आणि एकदा लाडात येऊन ते आईला 'तू माझी एल-वन' असं म्हणाले होते. आईला वाटलं, काहीतरी प्रेमाचं असेल. एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दराचा पुरवठादार, हे तिला सहा वर्षांनी कळलं. त्यानंतर घरात चार दिवस खिचडी होती.

आशय सतरा वर्षांचा. शाळा सोडून आठ महिने झाले होते. का सोडली ते विचारायचं नाही. जो विचारतो त्याच्याशी त्याचं भांडण होतं, आणि शाहपुऱ्यात भांडायला आता फारसे लोक शिल्लक राहिले नव्हते. त्याला डीजे व्हायचं होतं. नुसती गाणी लावणारा नाही. तसे तर गल्लीत सहा आहेत. त्याला व्हिडिओ मिक्स करायचे होते: एका गाण्यातली नाचणारी बाई दुसऱ्या गाण्यातल्या ढोलावर ठेका धरणार, आणि हे सगळं मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर, तालात. हे तो एका मित्राच्या लॅपटॉपवर शिकला. मग मित्र इंदूरला गेला आणि लॅपटॉपही बरोबर घेऊन गेला. माणुसकी म्हणून काही राहिलेलीच नाही.

तर वरच्या मजल्यावरच्या विश्वासकाका मोघ्यांच्या मुलीचा, स्वरदाचा साखरपुडा ठरला. तीन आठवड्यांनी, रविवारी, भर दुपारी, मॅरिज गार्डनच्या एसी हॉलमध्ये. काका जिन्यात भेटले.

"काय रे, तू ते धबाड-धबाड वाजवतोस ना? आमच्याकडे वाजव. मागे मोठी स्क्रीन पण लावतोय मी."

आशयला एवढा आनंद झाला की 'धबाड-धबाड'चा राग यायचा राहून गेला.

घरी येऊन त्यानं लॅपटॉप मागितला. बाबांनी चष्मा पुसला आणि अटी सांगितल्या. "लॅपटॉप मिळेल. आईनं तुझ्या कोचिंगसाठी ठेवलेले पैसे तसेही पडून आहेत. पण साखरपुड्यानंतर विश्वासरावांची कार्यपूर्तीच्या कागदावर सही पाहिजे. 'काम समाधानकारक' अशी. सही आली, तर तू डीजे. मी एक शब्द बोलणार नाही. नाही आली, तर सोमवारी सकाळी सहाची बस, मंडीदीप."

मंडीदीपला जितेंद्रमामा होता. बिस्किटांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यानं आशयसाठी खोक्यांना चिकटपट्टी लावायची जागा कधीची राखून ठेवली होती आणि दर रविवारी फोन करून विचारायचा, "काय मग भांजे, येतोयस ना?"

"मंजूर," आशय म्हणाला. "चला, आत्ता जाऊन घेऊन येऊ. मी बघून ठेवलाय."

बाबा त्याच्याकडे असे बघायला लागले जसं काही त्यानं बँक लुटायला चला म्हटलं होतं.

"मागणीपत्र लिही," ते म्हणाले.

आता ही बातमी बिल्डिंगमध्ये कशी पसरली ते देवाला ठाऊक, पण संध्याकाळपर्यंत समिती तयार झाली होती. अध्यक्ष बाबा. तांत्रिक सदस्य विश्वासकाका, कारण त्यांनी बँकेत असताना कॉम्प्युटर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. गृहसदस्य आई. आणि मामा फोनवरून.

"लॅपटॉप हातात उचलून बघायचा," विश्वासकाका म्हणाले. "जड लागला तर समजायचं आत माल आहे. हलका म्हणजे सगळी हवा."

"काका, ते टरबूज नाहीये."

"हेमंतराव, मुलाला जरा बोलायचं शिकवा."

आई म्हणाली, "मी सांगते, घेऊच नका. भाड्यानं मिळतो. दोन दिवस आणायचा, वाजवायचा, परत करायचा."

कुणी ऐकलंच नाही. मामा फोनवर म्हणाला की लॅपटॉपपेक्षा टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर घ्या, चोर उचलून नेत नाही. मग दहा मिनिटं चोरांवर चर्चा झाली. तळमजल्यावरच्या शकुंतलाबाई साखर मागायला आल्या होत्या, त्या जाताना विचारून गेल्या की यात वाती वळायची मशीन बघता येईल का. बाबांनी सगळ्यांचे सल्ले वहीत लिहून घेतले. प्रत्येक सल्ल्यापुढे एक रकाना त्यांनी मोकळा ठेवला. त्या रकान्यात नंतर ते काहीतरी लिहीत आणि वही मिटून घेत.

आशयनं विचार केला, की यांच्याशी भांडून उपयोग नाही, यांच्याच रस्त्यानं जाऊ. एमपी नगरच्या एका दुकानात त्यानं जो लॅपटॉप हेरला होता, तो एकाच वेळी दोन व्हिडिओ लोण्यासारखे चालवत होता. काळा, कीबोर्डखाली लाल दिवे, बघितल्याबरोबर छातीत धडधड. मग त्यानं अटी अशा लिहिल्या, की सगळ्या भोपाळमध्ये त्यात दुसरा लॅपटॉप बसूच नये.

बाबा वाचायला लागले. "अट एक, दोन व्हिडिओ एकत्र चालावेत. ठीक. अट दोन, मोठ्या पडद्याची वायर थेट लागावी. ठीक. अट पाच, कीबोर्डखाली प्रकाश, रंग लाल. लाल का?"

"अंधारात दिसतो."

"हिरवा दिसत नाही?" बाबांनी पान उलटलं. "अट आठ, वजन दोन किलो तीनशे दहा ग्रॅम. दहा ग्रॅम, आशय? काय, केशर आहे का आत? अट नऊ, झाकणावर डावीकडून उजवीकडे जाणारी तिरकी रेघ."

आशयनं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"सव्वीस वर्षं," बाबा हळूच म्हणाले, "सव्वीस वर्षं मी हेच पकडत आलोय. माल आधी ठरवायचा आणि अटी नंतर त्याच्या मापानं शिवायच्या. मोठमोठ्या साहेबांनी केलंय. पण ही तिरकी रेघ..." त्यांनी मान हलवली, आणि आशयनं शपथेवर सांगितलं असतं की त्या मान हलवण्यात थोडं कौतुक होतं. मग त्यांनी लाल पेनानं पानभर फुली मारली. "टेंडर रद्द. नव्यानं लिही."

पाच दिवस गेले.

नव्यानं लिहिलेल्या अटी मंजूर झाल्यावर कोटेशनं आणायची होती. तीन दुकानांची, लेटरहेडवर, शिक्क्यासकट, बंद पाकिटात. आशय उन्हात एमपी नगर पालथं घालायला निघाला. पहिला दुकानदार म्हणाला, व्हॉट्सअॅप कर देता हूँ. आशयनं सांगितलं, नाही, बंद पाकिटात पाहिजे. दुकानदारानं आतल्या पोराला हाक मारली आणि म्हणाला, "सुन, भैया को लिफाफा चाहिए. किसकी शादी है भैया?" अख्खं दुकान हसलं. आशयचे कान तापले. एरवी त्यानं तिथंच काउंटरवर चढून उत्तर दिलं असतं. पण डोळ्यांपुढे चिकटपट्टी आली आणि तो दात खाऊन गप्प बसला. कलेसाठी माणसाला काय काय गिळावं लागतं.

पाकिटं कुठल्याच दुकानात नव्हती. म्हणून बिट्टन मार्केटच्या स्टेशनरीवाल्याकडून त्यानं स्वतःच तीन घेतली. साधी संपली होती. आहेराची होती, जरा चमकी असलेली. आशयला वाटलं, पाकीट ते पाकीट.

शनिवारी संध्याकाळी समितीसमोर पाकिटं उघडली. पहिलं उघडलं, ठीक. दुसरं उघडलं, ठीक. तिसरं बाबांनी हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

"हे काय आहे?"

पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं होतं. आहेराच्या पाकिटावर असतं तसं. तिन्हीवर होतं खरं तर, पण पहिल्या दोन दुकानदारांनी ते काढून खिशात टाकलं होतं. तिसरा सरळ माणूस. त्यानं जसंच्या तसं परत दिलं होतं.

"दरपत्रकासोबत रोख रक्कम," बाबा म्हणाले. त्यांनी पाकीट दोन बोटांनी टेबलावर ठेवलं. "माझ्या घरात. माझ्या टेबलावर."

"बाबा, एक रुपया आहे!"

"रकमेचा प्रश्न नसतो."

"अहो, पाकिटालाच असतो तो," आई म्हणाली.

"नियमात पाकिटालाच असं लिहिलेलं नाही. पुरवठादार अपात्र."

आणि तो पुरवठादार, सांगायला नकोच, लाल दिव्यांवाला होता.

राहिले दोन. त्यातला स्वस्त तो आला चाचणीला घरी. विश्वासकाकांनी दोन्ही हातांनी उचलला आणि खूष होऊन म्हणाले, "वा! सिलेंडर आहे सिलेंडर." आशयनं त्यावर दोन व्हिडिओ एकत्र लावले. हिरोनं एक पाय वर उचलला आणि तो पाय तिथंच राहिला. ढोल वाजत होता, हिरो बगळ्यासारखा उभा. पाच मिनिटं झाली. आतून पंख्याचा असा आवाज यायला लागला की शकुंतलाबाई खालून ओरडल्या, पाणी आलं का म्हणून.

"चित्र मात्र अगदी स्वच्छ आहे," विश्वासकाका म्हणाले.

बाबांनी वहीत बघितलं. "अट एक, दोन व्हिडिओ एकत्र चालावेत. चालत नाहीत. नापास." दुसऱ्या दुकानाच्या लॅपटॉपला मोठ्या पडद्याची वायर लागतच नव्हती. तोही नापास. "एकही पात्र नाही. नव्यानं टेंडर काढावं लागेल. एकवीस दिवस."

साखरपुड्याला आठ दिवस होते.

मग आशयचं डोकं फिरलं. ते फिरणारच होतं, उलट इतके दिवस फिरलं नाही याचंच आश्चर्य. "घाला ते टेंडर चुलीत!" तो ओरडला. "तुम्हाला लॅपटॉप घ्यायचाच नाहीये! तुम्हाला फक्त फाईल पाहिजे! जातो मी मंडीदीपला, लावतो पट्ट्या, तिथं तरी कुणी तीन कोटेशनं मागत नाही!" त्यानं दार आपटलं. दाराची वरची बिजागरी निखळली. तिचंही टेंडर निघणार, असा विचार त्याच्या मनात जिन्यातच आला आणि त्याला रागात हसू आलं, त्यामुळे आणखी राग आला.

तलावाच्या कठड्यावर बसून त्यानं भुट्टा खाल्ला. मामाचा फोन आला, त्यानं उचलला नाही. तो परत आला तेव्हा बाबा टेबलावर जाडजूड नियमांचं पुस्तक उघडून बसले होते आणि जेवण त्यांच्या शेजारी गार झालं होतं.

"आपत्कालीन खरेदी," बाबा मान वर न करता म्हणाले. "कलम आहे. उत्पादन ठप्प होण्याचा धोका असेल, तर अध्यक्ष स्वतःच्या जबाबदारीवर विनाटेंडर खरेदी करू शकतो. सव्वीस वर्षांत मी एकदाही वापरलेलं नाही."

"मग?"

"मग काय? कारण लिहावं लागतं." त्यांनी कागद पुढे सरकवला. कारणापुढे लिहिलं होतं: मागणीदाराचं वय सतरा.

सोमवारी बाबांनी अर्धी सुट्टी टाकली आणि दोघं एमपी नगरला गेले. आत शिरल्या शिरल्या बाबांनी त्या सरळ माणसाला एक रुपया परत केला आणि पोच लिहून घेतली. तो माणूस आजही बहुतेक लोकांना ही गोष्ट सांगत असेल.

लाल दिव्यांचा लॅपटॉप घरात आला. आशयनं सहा दिवस धड जेवण केलं नाही. नाचणाऱ्या बायका, ढोल, आतषबाजी, स्वरदाचे लहानपणीचे फोटो, सगळं तालात बसवलं. फक्त एक अडचण होती. बाबांचं म्हणणं, फाईल अपुरी असताना माल वापरणं हाच मुळात गुन्हा आहे, आणि आता घरात लॅपटॉप आहे तर वहीतला तक्ता त्याच्यावरच टाईप करायचा. बाबा दोन बोटांनी टाईप करायचे. रविवारी हॉलमध्ये पाहुणे यायला लागले तरी ते कोपऱ्यात बसून टकटक करत होते.

"बाबा, द्या ना आता!"

"शेवटची ओळ."

पडदेवाले सलीमभाई बारा फुटी पडद्यामागून वायर घेऊन आले आणि अस्सल भोपाळी ढंगात म्हणाले, "क्या खां, कब से खड़ा हूँ. लगा दूँ?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी वायर लॅपटॉपला लावली.

हॉलमध्ये दीडशे माणसं. स्वरदा आणि तिचा होणारा नवरा व्यासपीठावर. मागचा पडदा उजळला आणि त्यावर, बारा फूट उंच, पांढऱ्यावर काळं, उघडलं ते असं:

*लॅपटॉप खरेदी: सल्लागारांचा तुलनात्मक तक्ता.*

आशय धावला. पण बाबा घाबरून एकदम चार बटणं दाबून बसले होते आणि तक्ता बंद व्हायच्याऐवजी आणखी मोठा झाला. लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम. कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं.

"श्री. विश्वास मोघे. सल्ला: जड लॅपटॉप घ्यावा. शेरा: तांत्रिक ज्ञान शून्य. आवाज मोठा."

हॉल हादरला. नवऱ्या मुलाकडचे तर खुर्च्यांना धरून हसत होते.

"श्री. जितेंद्र. सल्ला: चोरांविषयी. शेरा: विषयाशी संबंध नाही, यापूर्वीही नसे."

मामा मंडीदीपहून नवा सफारी शिवून आला होता. तो पानाच्या स्टॉलमागे गेला.

"सौ. सुचेता पळसुले. सल्ला: विकत घेऊ नये, भाड्यानं आणावा. शेरा: हाच सर्वोत्तम सल्ला होता. तसं कळवू नये."

"कळलं!" आई हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली.

आशयचा हात आता बटणांवर पोचला होता. एक दाबलं की संपलं असतं. पण त्यानं हॉलकडे बघितलं. दीडशे माणसं मान वर करून बसली होती, एकाचाही मोबाईल हातात नव्हता. असे प्रेक्षक त्यानं आयुष्यात बघितले नव्हते. त्यानं दुसरं बटण दाबलं. ढोल सुरू झाला. 'शून्य' शब्द पडद्यावर ढोलाबरोबर उड्या मारायला लागला, 'आवाज मोठा' डावीकडून आलं, उजवीकडे गेलं, मध्ये आतषबाजी फुटली, नाचणारी बाई सरळ मामाच्या ओळीवर येऊन ठेका धरू लागली. पोरं उठली. स्वरदा शालू सावरत खाली उतरली आणि नाचायला लागली. नवरा मुलगा तिच्यामागे. तक्ता खाली सरकत सरकत शेवटच्या ओळीला आला.

"मागणीदार: चि. आशय. शेरा: मालाची उत्तम जाण. लवकर तापतो. हवा खेळती ठेवावी."

आशयचा हात दोन ठोके चुकला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

विश्वासकाका मात्र नाचत नव्हते. ते लाल झाले होते आणि त्यांच्या समोर बाबा उभे होते, हातात कार्यपूर्तीचा कागद.

"सही?" काका म्हणाले. "शून्य माणसाची सही कशाला पाहिजे तुम्हाला? माझ्या व्याह्यांसमोर? बारा फुटात?"

"विश्वासराव, चूक पोराची नाही. खरेदी विभागाची आहे. जो काही दंड असेल तो मला करा."

आशय तिथूनच बघत होता. गाणं वाजत होतं पण त्याला फक्त ते दोघं दिसत होते. काकांनी कागद बघितला, बाबांकडे बघितलं, नाचणाऱ्या मुलीकडे बघितलं. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"दंड? ठीक आहे. नाचा."

"मी?"

"तुम्ही. तिथं, मधोमध. तरच सही."

हेमंत पळसुले स्वतःच्या लग्नातही नाचले नव्हते. त्यांनी खिशातलं पेन काढून आईकडे सोपवलं, शर्ट नीट खोचला आणि मधोमध जाऊन उभे राहिले. पोरांनी गोल केला. बाबांनी उजवा हात वर केला आणि खाली आणला. परत वर, परत खाली. शिक्का मारतात तसं. पाय हलतच नव्हते. गाणं जोरात, ढोल वेडापिसा, आणि बाबांचा शिक्का दर वेळी ठोक्याच्या मागे पडत होता. कुणीतरी खिदळलं.

आशयचं डोकं तापलं. त्यानं गाण्याचा वेग उतरवला. थोडा, आणखी थोडा. ढोल जड झाला, पडद्यावरची बाई आळोखेपिळोखे द्यायला लागली, आणि मग एका क्षणी हात खाली आला आणि ढोल पडला, बरोबर एकाच वेळी. हात, ढोल. हात, ढोल. खिदळणारा थांबला. दुसऱ्यानं तसाच हात वर केला. मग दहा जणांनी. मग सगळा हॉल शिक्के मारायला लागला, आणि मध्ये बाबा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक पायसुद्धा उचललेला. आईनं शिट्टी मारली. आईला शिट्टी येते हे आशयला सतरा वर्षांत माहीत नव्हतं.

गाणं संपल्यावर बाबा घामेजलेले टेबलापाशी आले. कागदावर विश्वासकाकांची सही होती. तारीख टाकायची राहिली होती, म्हणून बाबा परत जाऊन ती टाकून घेऊन आले. मग खुर्चीत बसून त्यांनी धाप जरा कमी होऊ दिली.

"काय?" आशयनं विचारलं. "उद्याची बस...?"

बाबांनी चष्मा पुसला.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "सुरुवातीलाच जरा हळू लाव."

आशयनं त्यातलं 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकलं आणि पुढचं गाणं दुप्पट वेगात लावलं.